अठरा फूट मांडव

मला खोटं माप खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. सव्वीस वर्षं झाली, अंगणवाडी चालवतेय मी. पोरांची वजनं करायची आणि वहीत लिहायची. मागे एक सुपरवायझर होत्या, त्या म्हणायच्या, "मालूताई, हे साडेआठ किलोचं नऊ करा ना, वर पाठवायला बरं दिसतं." मी म्हणायची, "मॅडम, वहीत वाढवून पोराच्या अंगावर मांस चढत असेल तर दहा लिहिते." त्या तोंड फिरवून बसायच्या. वही तशीच राहायची.

आणि अशा माझ्याच घराचं माप पस्तीस वर्षं कागदावर खोटं होतं. हसायचं असेल तर हसून घ्या.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या अंगाला. आता गाव म्हणायचं फक्त तोंडानं, कारण दोन्ही बाजूंनी टॉवर आले, मिठागरं गेली आणि आमची ग्रामपंचायत जाऊन पालिका आली. पण आमची आळी तशीच आहे. बारा घरं, मधे मोकळं अंगण, आणि अंगणाच्या वरच्या तोंडाला आमचं घर. दगडी जोतं, पुढे ओटा, वर कौलं. सासऱ्यांनी, म्हणजे रामूबाबांनी, मिठाच्या टोपल्या वाहून ते उभं केलं. मिठागराच्या शेटच्या ऑफिसात त्यांना उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही, मजुरी खिडकीतून हातावर टाकायचे. म्हणून बाबांनी ठरवलं होतं, माझं घर असं बांधीन की येणाऱ्याला आधी बसायला सांगीन, मग नाव विचारीन.

मार्गशीर्षात माझ्या मनस्वीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. मुलगा नेऱ्याकडचा, चांगला आहे. माझा थोरला हितेश म्हणाला, "आई, हायवेला एसी हॉल घेऊ." मी म्हटलं, हॉल घ्यायचा तर आधी मला, या म्हातारीला, कुठे तरी नेऊन सोड. माझ्या पोरीची हळद माझ्या दारात लागेल. पण दारात लावायची तर घराकडे बघवत नव्हतं. वासे वाळवीनं पोखरलेले, मधलं आढं वाकलेलं. बोट लावलं की भुसा पडायचा. पाहुण्यांच्या डोक्यावर कौल पडलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून ठरवलं, लग्नाआधी घर नीट करायचं, आणि रीतसर परवानगी काढून करायचं. आळीत दोघांनी बिनपरवाना काम काढलं होतं आणि नोटिसा येऊन अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या. मला दारात अर्धी भिंत नको होती.

परवानग्यांची कामं करणारा एक पोरगा आहे, प्रणित. एसटी स्टँडच्या मागे त्याचं ऑफिस. त्याला कागद दिले. चार दिवसांनी तो मोटरसायकलवरून उतरला तो हसतच.

"काकू, पेढे काढा. तुमचं घर तीस फूट लांब आहे ना?"

"मागच्या भिंतीपासून ओट्याच्या कडेपर्यंत तीस. मग?"

"घरपट्टीच्या जुन्या उताऱ्यावर अठ्ठेचाळीस आहे. आणि नियम काय, जुनं बांधकाम नोंदीत जेवढं, तेवढं नव्यानं बांधायला मिळतं. म्हणजे पुढे अठरा फूट आणखी. दोन गाळे सहज निघतील, रस्त्याकडे तोंड करून."

हितेशचे डोळे चमकले. बंदरात क्लिअरिंगच्या कामाला जातो तो, पहाटे निघतो, घामाघूम होऊन येतो. दोन गाळे म्हणजे त्याला आपलं स्वतःचं काही करता आलं असतं. आमचे हे ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. आम्हा दोघांना माहीत होतं ते अठरा फूट कुठून आले.

पस्तीस वर्षांपूर्वीचं आमचं लग्न. दारात चार मेढींचा, म्हणजे खांबांचा मांडव, वर झावळ्या, जांभळीच्या पाल्याचे टाळे. त्या वर्षी पंचायतीनं नव्यानं घरं मोजायला काढली होती, आणि कारकून नेमका आमच्या हळदीच्या दिवशी टेप घेऊन आला. कुणीही शहाण्यानं सांगितलं असतं, बाबा रे, परवा ये. पण रामूबाबा त्या दिवशी राजा होते. फेटा बांधलेला, शंभर माणूस दारात बसलेलं. त्यांनी टेपचं टोक स्वतः हातात घेतलं, मांडवाच्या शेवटच्या मेढीला नेऊन टेकवलं आणि म्हणाले, "इथशी घे. माजे मांडवान जो बसला तो माजे घरान बसला. ये पन माजाच घर हाय." कारकुनालाही पुढच्या घरी जायची घाई. त्यानं लिहिलं, अठ्ठेचाळीस.

मांडव चौथ्या दिवशी उतरला. माप तसंच राहिलं. पुढे लोक बाबांना चिडवायचे, "रामूदादा, वाऱ्याची पट्टी भरतोस की रं." बाबा छाती काढून सांगायचे, "भरतो. गावान माजे घरापेक्षा मोठा घर कोनाचा हाय काय, कागदावर दाव." दुरुस्तीचा अर्ज द्यायला पाच मिनिटं लागली असती. मरेपर्यंत दिला नाही त्यांनी. आणि नंतर आम्हीही दिला नाही. म्हाताऱ्याची हौस होती, कोण मोडणार.

हे सगळं मी प्रणितला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, हे मला सांगितलंत ते ठीक, साहेबांसमोर बोलू नका. इन्स्पेक्शनला विचारलं की पुढचा भाग कुठे, तर म्हणायचं, पुराच्या वर्षी पडला. कोण बघायला बसलंय? आणि खरं सांगितलंत तर नोंदच चुकीची ठरते. फाइल परत, दुरुस्तीचा वेगळा अर्ज, चार महिने कुठे गेले कळणार नाही. लग्न वाळवीच्या घरात करा मग."

त्या आठवड्यात मला धड झोप नाही. एकीकडे पोरीचं लग्न, पोराचे गाळे. दुसरीकडे ते अंगण. आमच्या आळीत कुणाचंही लग्न असो, मांडव त्याच जागेवर पडतो, कारण बारा घरांत तेवढी एकच सपाट जागा. उतारा आमच्या नावाचा खरा, पण तिथे गाळे उभे राहिले असते तर आळीतल्या प्रत्येक पोरीला हॉल शोधावा लागला असता. आणि तिसरी गोष्ट, जी मी कुणाला बोलले नाही. खरं सांगायचं म्हणजे रामूबाबांना खोटं पाडायचं. आयुष्यभर ज्या माणसानं कागदावरच्या एका आकड्यावर मान ताठ ठेवली, त्याचा आकडा मी, त्याची सून, खोडणार?

पालिकेचे इंजिनिअर आले ते सत्यजीत साहेब. तिशीचा मुलगा, अंगानं काटकुळा, हातात लाल ठिपका टाकणारं मोजायचं यंत्र. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते म्हणाले, "नको. तपासणीच्या घरात मी पाणीही घेत नाही." आमच्याकडे दारातून कुणी बिनपाण्याचं जात नाही. मला राग आला. पण मनात म्हटलं, पोरगं सरळ दिसतंय.

त्यांनी आत-बाहेर फिरून माप घेतलं. वासे बघितले, जोतं बघितलं. मग कागद काढला आणि कपाळाला आठी घातली.

"इथे अठ्ठेचाळीस आहे. जागेवर तीस भरतंय. बाकीचे अठरा फूट कुठे आहेत?"

हितेश तयारच होता. "पडलं साहेब. पुराच्या वर्षी पुढची पडवी पडली."

साहेबांनी पेन टेकवलं. प्रणित माझ्याकडे बघत होता. आणि खोटं कशाला सांगू, मीही तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. एवढं एक वाक्य लिहिलं जाऊ दे, की परवानगी हातात, लग्न वेळेवर, पोरगा मार्गाला आणि सासऱ्यांचा आकडाही शाबूत. सगळं एका खोट्यात बसत होतं. साहेबांनी 'पुरात' एवढं लिहिलं. ते अक्षर बघितलं आणि मला माझी वजनाची वही आठवली. साडेआठचं नऊ.

"साहेब, खोडा ते," मी म्हटलं. "पडवी कधी नव्हतीच. तो माझ्या लग्नातला मांडव होता."

हितेश म्हणाला, "आई, काय बोलतेस तू?"

"तू गप्प बस. तेव्हा तू जन्मला नव्हतास, तुला काय माहीत काय पडलं नि काय उभं होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, टेपचं टोक, मेढ, बाबांचं बोलणं. ते ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावर काही दिसेना. शेवटी म्हणाले, "बाई, लोक बांधकाम लपवायला गोष्टी सांगतात. नसलेलं बांधकाम नव्हतंच म्हणून सांगणारं मला कोणी भेटलं नाही. पण मी मांडव होता असं लिहायचं कशावरून? नोंद सरकारी आहे. ती चुकीची म्हणायला आधार लागतो."

त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघून विचारलं, "त्या लग्नात तुम्ही हजर होतात?"

"नवरा मीच होतो," हे म्हणाले.

साहेबांना हसू आलं, पण ते म्हणाले, "घरच्या माणसांचा जबाब चालत नाही. शेजाऱ्यांपैकी कोणी आहे?"

आता शेजार म्हणजे कमळाबाई. आमच्या दोघींचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. तिच्या पन्हाळीचं पाणी माझ्या भिंतीवर पडतं यावरून सुरू झालं आणि दोन्ही घरच्या सात पिढ्या निघाल्या. तेव्हापासून मला काही सुनवायचं असलं की ती तिच्या कोंबडीला शिव्या देते आणि मी माझ्या मांजराला. पंचाहत्तरीची बाई, आणि आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. हळदीपासून सगळे विधी ती गाऊन करून घेते. माझं लग्नही तिनंच गायलं होतं. आता ती तिच्या ओट्यावर बसून निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती, म्हणजे अक्षर न् अक्षर ऐकत होती. माझ्या मनात आलं, संपलं. ही बाई माझ्यासाठी तोंड उघडणार नाही.

साहेबांनी तिलाच हाक मारली. "आजी, तुम्ही यांना ओळखता?"

"वळखतो," कमळाबाई म्हणाली. "भांडखोर हाय."

"इथे पूर्वी पडवी होती का?"

तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगणात पाऊल टाकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. "पडवी नाय न् काय नाय. मांडव व्हता. मी गाना लावलेला, तर तो मेला कारकून टेप घेवून मधेच आला. माजा गाना तोडला त्यानी. मंग मी काय सोडतो त्याला? त्याचेवरच गाना केला." आणि ती तिथंच, साहेबांच्या पुढ्यात, कमरेवर हात ठेवून गायला लागली.

मांडव मोजाला कोन गो आला,
टेप घेवून कारकून आला.

तिनं दम घ्यायला थांबावं तोच पलीकडच्या ओट्यावरून दोन जणींनी पुढचं उचललं, मागच्या घरातून आणखी एकीनं, आणि नळावरची एक घागर खाली ठेवून सामील झाली.

चार मेढींचा वारा मोजला,
रामूदादाचा वाडा झाला.

हे गाणं आमच्या आळीत दर हळदीला म्हणतात. मीही म्हटलंय, टाळ्या वाजवून. पस्तीस वर्षं माझ्या घराचा पुरावा बायकांच्या तोंडात होता आणि माझ्या लक्षात नाही आलं.

साहेब म्हणाले, "एवढ्या जणींना आज सकाळी शिकवून ठेवलं असेल असं वाटत नाही." बसले आणि पंचनामा लिहायला घेतला. कमळाबाईनं अंगठा नाही, सही केली, एकेक अक्षर दाबून. बाकीच्या दहा घरांतून सात जणांनी सह्या केल्या. कोणी म्हणालं माझी हळद इथे लागली, कोणी म्हणालं माझ्या पोराची. साहेबांनी तेही लिहिलं. जाताना मला म्हणाले, "फाइल मात्र परत जाईल. ते माझ्या हातात नाही."

"जाऊ दे," मी म्हटलं. म्हणायला सोपं होतं.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. हितेश माझ्याशी बोलायचा तो कामापुरतं. एकदा जेवताना म्हणाला, "सगळे खातात, आपणच हात धुवून उभे." त्याचं चुकत होतं असंही नाही, म्हणून मला जास्त लागलं. अंगणवाडी सुटली की मी पालिकेत. या टेबलावरून त्या टेबलावर. कोणी नीट बोललं, कोणी उद्या या म्हणालं. मी पण डबा घेऊन जायची आणि बाकावर बसून जेवायची. सव्वीस वर्षं पोरांना रांगेत बसवलंय, मला बसायचा कंटाळा नाही.

फाल्गुनात बोलावणं आलं. नोंदवहीत लाल शाईनं अठ्ठेचाळीस खोडून तीस लिहिलेलं, खाली माझी सही घेतली. बाहेर आले तेव्हा परवानगी हातात होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन रामूबाबांच्या फोटोसमोर बसले आणि रडले. म्हटलं, बाबा, तुमचं घर मी लहान केलं. आमचे हे मागे येऊन उभे राहिले. फोटोवरची धूळ उपरण्यानं पुसून गेले.

मग मात्र काम धडाक्यात झालं. भिंती ठेवल्या, वाळवीचं लाकूड काढून लोखंडी सांगाडा चढवला, वर नवी कौलं. ओटा तोच, फक्त कडेला नवी फरशी. हितेश आधी फुगून होता, पण कौलं चढायला लागली तसा स्वतः वर चढून गवंड्याला सूचना द्यायला लागला. कमळाबाईची पन्हाळ मीच वळवून दिली, माझ्या सांगाड्याला धरून. ती तिच्या कोंबडीला म्हणाली, "बरा काम केला हो." मी मांजराला म्हटलं, "असू दे."

काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायला शेवटची तपासणी लागते. ती बुधवारची ठरवली प्रणितनं. आणि बुधवारी मनस्वीची हळद. पोराला शंभर कागद कळतात, एक कॅलेंडर कळत नाही.

तर पस्तीस वर्षांनी पुन्हा तेच. दारात मांडव, झावळ्या, जांभळीचे टाळे, मधे पाटावर माझी पोर पिवळीधमक, कमळाबाई गायला बसलेली, आणि गर्दीतून वाट काढत सत्यजीत साहेब. माणसं बघून बिचारे ओशाळले. "मी परत येतो," म्हणाले.

"नाही, आलात तर मोजूनच जा," मी म्हटलं. "यंत्र नको. एवढ्या माणसांतून तुमचा ठिपका जायचा नाही. टेप आहे का?"

त्यांनी टेप काढला. एक टोक त्यांच्याकडे, ते घरात मागच्या भिंतीला जाऊन उभे राहिले. दुसरं मी घेतलं आणि ओढत ओढत मांडवाच्या शेवटच्या मेढीपर्यंत नेलं, रामूबाबांनी नेलं होतं तसं. गाणं थांबलं. सगळी आळी बघायला लागली. मी टोक मेढीला टेकवलं. हितेशच्या तोंडचं पाणी पळालं, त्याला वाटलं आई आता पुन्हा घोटाळा करते.

"माझ्या सासऱ्यांनी इथे धरलं होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग वळले, आणि टोक हातात घेऊन परत घराकडे चालत आले. अठरा फूट. दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, कोणी पाय आवरून घेतले, कोणी पोर बाजूला घेतलं. नेऱ्याचे व्याही, माझ्या अंगणवाडीतल्या पोरांच्या आया, नळावरची ती, सह्या करणारे सातही. एवढं भरलेलं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. चालताना मला एकदम कळलं, मी बाबांचं काही लहान केलेलं नाही. ओट्यापाशी पोचेपर्यंत मी दोनदा थांबून मागे बघितलं. ओट्याच्या कडेला टोक धरलं आणि म्हटलं, "घ्या साहेब. लिहा."

"तीस," आतून आवाज आला.

साहेब बाहेर आले, वहीत लिहिलं, माझी सही घेतली आणि निघाले. मी वाट अडवली. तांदळाचे वडे तळून झाले होते, वालाचं बिरडं शिजलं होतं.

"जेवून जा."

"मावशी, तुम्हाला माहीत आहे. तपासणीच्या घरात मी पाणीही घेत नाही."

"घराची तपासणी झाली ना? तीस फुटांत संपलं तुमचं घर, तुम्हीच लिहिलंत. हे पुढचे अठरा फूट तुमच्या कुठल्याच कागदात नाहीत. इथे बसा."

त्यांनी वहीकडे बघितलं, मग वही पिशवीत टाकली. हितेशनं पुढे होऊन त्यांना पाट दिला. ते बसले, आणि मी आधी पाण्याचा तांब्या ठेवला.